निळा दिवा लागतो, पण तारीख कुठंय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच आठवड्यात दोन घरांत कावीळ झाली, आणि पुढच्या पंधरा दिवसांत सात फ्लॅटमध्ये नवे आरओ आले, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणारी मशीनं. सात! एकाच कंपनीचा माणूस दोन दोन मजले करत वर चढत होता, हातात टीडीएस मीटर, आणि प्रत्येक घरात तोच खेळ, नळाचं पाणी ग्लासात घ्यायचं, मीटर बुडवायचं, आकडा दाखवायचा आणि चेहरा पाडायचा. टेरेसवरची टाकी मात्र कोणीच बघितली नाही. मी वॉचमनमामांना घेऊन वर गेलो तर टाकीचं झाकण एका बाजूने तुटलेलं, पाण्यावर कबुतराचं पीस तरंगतंय आणि तळाला बोटभर गाळ. मामा म्हणाले, "साहेब, झाकण दिवाळीपासून तुटलंय, मी सेक्रेटरीसाहेबांना सांगितलं होतं." सेक्रेटरीसाहेबांनी पण आरओ घेतला होता, सातांतला एक.

आता कावीळ त्या टाकीतूनच आली असं मी म्हणत नाही. म्हणताच येत नाही, तीच तर गोम आहे. हिपॅटायटिस ए पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते सहा-सात आठवडे जातात, तोपर्यंत माणूस दहा ठिकाणी पाणी प्यायलेला असतो, घरी, ऑफिसात, मिसळीवर, लग्नात, पोराच्या क्लासमधल्या कूलरला. नेमकं कुठलं पाणी लागलं हे कोणालाच कळत नाही, त्यामुळे कोणाचीच चूक ठरत नाही आणि आपण आपल्या किचनच्या भिंतीवर अजून एक मशीन टांगून मोकळे होतो.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, वीस वर्षं मशीन उघडण्यातच गेली, त्यामुळे पाण्याच्या मशीनकडे पण मी त्याच नजरेने बघतो. माझं म्हणणं सरळ आहे. नाशिकमध्ये धरणाचं पाणी पिणाऱ्या बहुतेक घरांना आरओची गरज नाही, यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याने जंतू निकामी करणारं मशीन, पुरतं. पण यूव्हीवर विश्वास ठेवायचा असेल तर त्याचा दिवा कधी बदलला ही तारीख डोळ्यांसमोर पाहिजे, आणि जिथे लोकांना पैसे घेऊन खायला-प्यायला दिलं जातं तिथे ती तारीख भिंतीवर लावणं कंपल्सरी पाहिजे. घरात काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण हॉटेल, मिसळवाले, जार प्लांट, क्लासेस, मंगल कार्यालयं, हॉस्टेल, इथलं पाणी हा सार्वजनिक प्रश्न आहे.

आधी आरओचं बोलून टाकू. आपल्याकडे गंगापूर धरणाचं पाणी येतं, इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडे मुकणेचं. हे सह्याद्रीच्या पावसाचं पाणी, क्षार कमी. माझ्या घरच्या नळाला मीटर ११० च्या आसपास दाखवतं. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात टीडीएसची मर्यादा ५०० धरलीये. मग ११० वर चेहरा पाडायचं कारण काय? टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतं, जंतू मोजत नाही. गटाराचं पाणी मिसळलेलं असलं तरी मीटर १५० दाखवू शकतं आणि एकदम स्वच्छ विहिरीचं पाणी ६०० दाखवू शकतं. काविळीच्या भीतीवर टीडीएस मीटर दाखवून मशीन विकणं म्हणजे ताप आलेल्याची उंची मोजण्यासारखं आहे. आणि घरगुती आरओ एक लिटर प्यायला देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो, इकडे उन्हाळा आला की पाणीकपातीच्या बातम्या आपणच चवीने वाचतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच केंद्राला सांगितलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला. आपल्या किचनपर्यंत ते काही पोचलं नाही. हां, ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे, जिथे खताचं नायट्रेट झिरपलेलं असू शकतं, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी लॅबमध्ये पाणी तपासून आरओ जरूर घ्यावा, कारण यूव्ही क्षार काढत नाही, नायट्रेट काढत नाही, वास काढत नाही. तो एकच काम करतो, जंतू निकामी करतो.

पण ते एक काम काय झकास करतो! आत एक पाऱ्याची ट्यूब असते, तिच्यातून २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश निघतो, आणि तो जंतूच्या डीएनएत शिरून त्याच्या कड्या अशा काही चिकटवून टाकतो की जंतूला आपली कॉपीच काढता येत नाही. तो मरतो म्हणण्यापेक्षा वांझ होतो. आणि जो पोटात वाढू शकत नाही तो आपल्याला आजारी पाडू शकत नाही. औषध नाही, वास नाही, चव बदलत नाही, काही सेकंदांचं काम. हे काही नवं फॅड पण नाही, फ्रान्समध्ये मार्सेलला १९१० मध्ये शहराच्या पाण्यासाठी हे वापरून बघितलं होतं. क्लोरिनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जंतू आहे, १९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात त्याने चारेक लाख लोकांना आजारी पाडलं, म्युनिसिपालिटीचं फिल्टर केलेलं, क्लोरिन टाकलेलं पाणी पिऊन. तोच जंतू यूव्हीच्या अगदी थोड्या डोसला आडवा होतो.

आणि यात आपल्याकडच्या माणसाचं मोठं काम आहे, ते आपल्यालाच माहीत नसतं. अशोक गाडगीळ, मुंबईचे, अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. १९९२-९३ मध्ये कॉलऱ्याचा नवा प्रकार भारतात आणि बांगलादेशात पसरला तेव्हा त्यांनी गावासाठी यूव्हीचं साधं यंत्र बनवलं, मिनिटाला १५ लिटर पाणी. मला मेंटेनन्सवाला म्हणून त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की त्यांनी दिवा पाण्यात बुडवलाच नाही. पाणी खालून उथळ पन्हाळीतून वाहतं आणि दिवा वर हवेत टांगलेला. का, तर पाण्यात बुडवला की त्याच्या काचेवर शेवाळ-क्षार बसणार आणि ते पुसायला गावात कोण येणार! म्हणजे मशीन बनवणाऱ्याने पहिल्या दिवशीच ओळखलं होतं की खरी गडबड जंतूंची नाही, पुसायला न येणाऱ्या माणसाची आहे.

आपल्या घरच्या मशीनमध्ये दिवा पाण्यातच असतो, म्हणजे क्वार्ट्झच्या काचेच्या नळीत असतो आणि ती नळी स्टीलच्या बॅरलमध्ये, भोवती पाणी. एका रविवारी मी आमच्या शेजारच्या काकूंचं मशीन उघडलं. पाच वर्षं जुनं, एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) चालू, दर चार महिन्यांनी पोरगा येऊन सही घेऊन जातो. बॅरलचं टोक फिरवून काच बाहेर काढली तर तिच्यावर चहाच्या गाळणीला बसतो तसा पिवळट थर, नखाने खरवडला तर निघतोय, आणि हात लावल्यावर बुळबुळीत. दिव्याच्या टोकाला छापलेली तारीख वाचली, मशीनइतकीच जुनी. म्हणजे पाच वर्षांत तो दिवा एकदाही बदलला नव्हता. काकू म्हणाल्या, "अरे पण निळा उजेड दिसतो की रोज, मी स्वतः बघते." पुढच्या वेळी तो पोरगा आला तेव्हा मी मुद्दाम गेलो. त्याचं पण तेच, "काका, दिवा लागतोय ना, मग चालूच आहे की."

इथेच सगळं अडतं. जो निळसर उजेड दिसतो तो जंतू मारणारा प्रकाश नाहीच. २५४ नॅनोमीटर आपल्या डोळ्यांना दिसतच नाही (आणि दिसत नाही म्हणून उघड्या दिव्याकडे बघू पण नका, डोळे भाजतील). निळा दिसतो तो पाऱ्याच्या वाफेचा बाकीचा उजेड, जोडीला फुकट आलेला. दिवा जुना झाला की आतली काच काळवंडत जाते, कामाचा प्रकाश कमी कमी होत जातो, आणि निळा मात्र तसाच झगमगत राहतो. म्हणजे तो इंडिकेटर नाही, देखावा आहे. या दिव्यांचं आयुष्य साधारण ९,००० तास धरतात. वर्षाचे तास किती, ८,७६०. दिवसरात्र चालू असलेला दिवा वर्षभरात संपला, इतका सोपा हिशोब. घरच्या मशीनमध्ये तो टाकी भरतानाच लागतो म्हणून थोडा जास्त टिकतो, पण सारखं चालू-बंद होण्याने पण ट्यूब झिजतेच, आणि पाच वर्षं हा काही हिशोब नाही. बऱ्याच मशीनला अलार्म असतो तो दिवा पेटला का नाही एवढंच सांगतो, उजेडात ताकद किती उरली ते मोजणारा सेन्सर मोठ्या महागड्या सिस्टीमला असतो. आणि डोस नावाची गोष्ट असते, म्हणजे पाण्याला एकूण किती अतिनील प्रकाश मिळाला, चौरस सेंटीमीटरला ४० मिलिज्यूल हा चांगल्या सिस्टीमचा आकडा धरतात, तो दिव्याची ताकद, काचेची स्वच्छता, पाण्याचा वेग आणि पाण्याची नितळता या सगळ्यांवर ठरतो. यातलं एक जरी बिघडलं तरी बाहेर येणारं पाणी दिसायला अगदी तसंच, चवीला तसंच. बिघडलेला मिक्सर आवाज करतो, बिघडलेला फ्रिज दूध नासवतो, बिघडलेला यूव्ही काहीच सांगत नाही.

आमच्या कंपनीत आगीचा सिलिंडर भिंतीला असतो, लाल रंगाचा, तो पण आतून भरलेला आहे का रिकामा हे बघून कळत नाही. म्हणून काय करतात, त्याच्या गळ्यात कार्ड अडकवतात. कधी भरला, पुढे कधी भरायचा, कोणी तपासला, सही. ऑडिटवाला येतो तो सिलिंडर उघडून बघत नाही, कार्ड बघतो. आता हे कार्ड खोटं पण भरता येतं, मला माहितीये, भरलेली बघितलीयेत. पण खोटं लिहायला सुद्धा कोणाला तरी सही करावी लागते आणि मग भानगड झाली की त्या सहीला धरता येतं. पाण्याच्या दिव्याला असं कार्ड का नको?

घरात तुम्ही पाच माणसं, हॉटेलात दिवसाला पाचशे. आपल्या नाशिकचा रविवार सकाळचा कार्यक्रम ठरलेला, मिसळ. कुठल्याही गर्दीच्या मिसळीवर बसा आणि रस्सा येईपर्यंत पाणी कुठून येतंय ते बघा. कोपऱ्यात निळे जार, जारचं पाणी स्टीलच्या पिंपात ओतलेलं, पिंपाला नळ आहे पण तो हळू येतो म्हणून पोरगा वरचं झाकण सरकवून जगच आत बुडवतो, मनगटापर्यंत हात पाण्यात, त्याच हाताने आत्ताच त्याने टेबल पुसलंय. जार भरला तिथे यूव्ही होता का नव्हता, होता तर दिवा जिवंत होता का, हे सगळं त्या एका बुडवण्यात वाया गेलं. कारण यूव्हीचा हा मोठा कच्चा दुवा आहे, तो पाण्यात मागे काहीच ठेवत नाही. क्लोरिन पाण्यात थोडा उरतो, लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरला पाहिजे असं मानक सांगतं, आणि तो उरलेला क्लोरिन पुढे पाइपात, टाकीत राखण करतो. यूव्हीखालून गेलेलं पाणी त्या क्षणी शुद्ध, पुढच्या क्षणी त्यात जे पडेल ते वाढायला मोकळं. त्यात आपल्या मशीनमध्ये यूव्हीच्या आधी कार्बनचा फिल्टर असतो, तो क्लोरिनचा वास काढायला म्हणून उरलासुरला क्लोरिन पण काढून टाकतो. म्हणजे राखणदाराला आपणच घरी पाठवलं आणि दिवा बंद पडलेला. आमच्या आजीच्या वेळी पिण्याच्या पाण्यात हात घालू द्यायचे नाहीत, लांब दांडीचं ओगराळं वेगळं असायचं, ते उगीच नव्हतं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) पेशंट सापडायला लागले तेव्हा आपण सगळ्यांनीच बातम्या बघितल्या. तेव्हा त्या भागातल्या खासगी आरओ प्लांटचं पाणी तपासलं तर त्यातही गडबड निघाली आणि महापालिकेने बरेच प्लांट सील केले. लोक तिथून पैसे देऊन जार नेत होते, शुद्ध म्हणून. नळाचं फुकट पाणी नको म्हणून विकतचं घेतलं आणि विकतच्याचीच खात्री नव्हती. आता सील करणं हे आजार झाल्यावरचं काम आहे, पण आजार होण्याआधी त्या प्लांटच्या दारावर गिऱ्हाइकाला वाचता येईल असं काय होतं?

गंमत म्हणजे आपल्या महाराष्ट्रात याचं उत्तर आधीच आहे, फक्त ते गावाकडे आहे. ग्रामपंचायतीच्या पाण्याची वर्षातून दोनदा पाहणी होते, विहिरीभोवती घाण आहे का, गळती आहे का, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वेळेवर टाकतात का, जलसुरक्षक आहे का, आणि मग गावाला कार्ड मिळतं. जोखीम जास्त तर लाल, मध्यम तर पिवळं, ठीक तर हिरवं, आणि पाच वर्षं सलग नीट राहिलं, साथ आली नाही तर चंदेरी. माझं गाव निफाडकडे, लाल कार्ड आलं की सरपंचाला चावडीवर लोक विचारतात, लाज वाटते, आणि लाज वाटली की टाकी धुतली जाते. मग गावच्या विहिरीला लाल कार्ड मिळू शकतं तर कॉलेज रोडच्या कॅफेला का नाही? दहा हजार रुपये भरून वाढदिवस करणाऱ्याला पाण्याचं कार्ड विचारायचा हक्क नाही आणि गावातल्या म्हातारीला आहे, हे उलटंच झालं की.

मला मोठं काही नको. एक वहीच्या पानाएवढं कार्ड, काउंटरच्या मागे, देवाच्या फोटोशेजारी. त्यावर पाणी कुठलं, नळाचं का बोअरचं का जारचं. टाकी शेवटची कधी धुतली. यूव्ही दिवा कधी बदलला आणि पुढे कधी बदलायचा. काच कधी पुसली. पाण्याची जंतूंची तपासणी कधी झाली, काय निघालं. खाली मालकाची सही. महापालिकेचा माणूस येईल तेव्हा येईल, त्याच्या आधी रोज शंभर गिऱ्हाइकं ते वाचतील.

यावर हॉटेलवाल्या मित्राने मला चांगलंच झापलं. "तुला माहितीये का आमच्याकडे कोण कोण येतं हप्त्याला? अजून एक कार्ड म्हणजे अजून एक साहेब." त्याचं खोटं नाही. आधीच फूड लायसन्स, दुकानाचं लायसन्स, फायर, आणि प्रत्येक कागदामागे एक खुर्ची. म्हणूनच मी म्हणतो की हे कार्ड परवानगी नको, जाहीर कबुली पाहिजे. कोणाकडून शिक्का आणायचा नाही, फी नाही, स्वतः लिहायचं आणि लावायचं. लावलं नाही किंवा धडधडीत खोटं लिहिलं तरच दंड. साहेबाला खायला जागा तिथे असते जिथे साहेबाच्या सहीशिवाय काम अडतं. आणि खर्च म्हणाल तर दिवा पाच-सात प्लेट मिसळीच्या पैशात येतो, अकरा वॅटचा दिवा वर्षभर अखंड जळला तर शंभर युनिटच्या आत.

दुसरा आक्षेप जरा खोल आहे, आमच्याच कंपनीतल्या एका सिनियरने काढला. महापालिका क्लोरिन टाकते ना, मग यूव्हीचं हे सगळं कशाला, नळाचंच पाणी द्या. मला हे अर्धं पटतं. फिल्टर प्लांटमधून निघालेलं पाणी चांगलंच असतं, पण ते नळापर्यंत येताना जुन्या गावठाणातल्या गंजक्या पाइपातून, गटाराशेजारून येतं, पाणी बंद असताना पाइपात बाहेरचं शोषलं जातं, मग सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं, मग वरच्या. क्लोरिन तिथे येईपर्यंत दमलेला असतो. म्हणून क्लोरिन वाटेसाठी आणि यूव्ही शेवटच्या नळाला, अगदी ग्लासाच्या वर, दोन्ही पाहिजेत. यूव्हीनंतर पिंप नको, साठवण नको, थेट ग्लासात. हे एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

आणि आता सिंहस्थ आलाय डोक्यावर. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२७ मध्ये. म्हणजे आषाढाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत, ऐन पावसाळा. गर्दी सगळ्यात जास्त तेव्हा, आणि पाणी सगळ्यात गढूळ पण तेव्हाच. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पुराचं पाणी चढलं हे आपण फोटो काढून व्हॉट्सॲपला टाकतो ना, तेच दिवस. यूव्हीला गढूळ पाणी चालत नाही, मातीच्या कणाच्या सावलीत जंतू लपतो आणि प्रकाश त्याच्यापर्यंत पोचत नाही, भर पावसात छत्रीखाली उभ्या माणसासारखा कोरडाच बाहेर येतो. म्हणून गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत पाहिजे, आणि त्यासाठी दिव्याच्या आधीचा पांढरा स्पन फिल्टर पावसाळ्यात महिन्याला बदलावा लागेल, तीन महिन्यांनी नाही. रस्ते, घाट, पूल यांवर कोट्यवधींचं बोलणं चाललंय, चालू द्या, पण तपोवनाच्या रस्त्याला चहाच्या टपरीवर, धर्मशाळेत, अन्नछत्रात यात्रेकरू जे पाणी पिणार आहे ते घेऊन तो आपल्या गावी जाणार, आणि आजारी पडेल तेव्हा तो बिहारात नाहीतर राजस्थानात असेल, नाशिकच्या खात्यावर ते कधी मांडलंच जाणार नाही. दोन ते सात आठवडे, वर सांगितलं तेच. हिशोब बघा कसा जुळतो, ध्वजारोहणाच्या दिवशी नवा दिवा बसवला तर अखंड जळूनही त्याचे ९,००० तास पुढच्या नोव्हेंबरपर्यंत पुरतात. तिन्ही स्नानं एका दिव्यात. फक्त तो दिवा त्या दिवशी बसवला हे कुठेतरी लिहिलेलं पाहिजे.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. घरच्या मशीनवर पर्मनंट मार्करने तारीख टाकली, काकूंच्या पण, आणि सोसायटीच्या टाकीचं झाकण बदललं, टाकी धुतली, खर्च दीड हजार, सात आरओच्या पुढे किस झाडकी पत्ती. गेल्या रविवारी नेहमीच्या मिसळीवर मालकांना सहज विचारलं, दादा, यूव्हीचा दिवा कधी बदलला? ते म्हणाले, एएमसी आहे आपली, थांबा, आत्ता विचारतो, आणि माझ्यासमोरच सर्व्हिसवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. तिकडून दोन सेकंद काहीच नाही, मग आवाज आला, "कुठला दिवा?"